अर्धा घाणा

"मग तूप चाललं असतं का गं?"

आईनं हे विचारलं तेव्हा तिच्या हातात झारा होता आणि कढईत कडबोळ्यांचा पाचवा की सहावा घाणा तळला जात होता. 2025ची दिवाळी चार दिवसांवर आलेली. मी ओट्याला टेकून मोबाईलवर तिचा रिपोर्ट उघडला होता आणि खरं सांगायचं तर खुशीत होते. लायपोप्रोटीन ए, म्हणजे रक्तात वाढलं की हृदयाला धोका करणारी एक चीज, 6.4 मिलिग्रॅम. माझा आकडा 112. पन्नासच्या वर गेला की डॉक्टर खुर्चीत जरा पुढे सरकून बसतात. म्हणजे माझ्यात जे आलंय ते आईकडून आलेलं नाही, म्हणजे बाबांकडून आलं, म्हणजे आमच्या घरात छत्तीस वर्षं एकही शब्द न बोलता जो खटला चालू होता, त्यातून आई निर्दोष सुटली. हे सगळं मी तिला एका दमात सांगून टाकलं. तिनं ऐकून घेतलं, एक कडबोळं उलटलं आणि तुपाचं विचारलं. मी म्हणाले, "हो गं. काही फरक पडला नसता त्यानं." तिनं घाणा काढून चाळणीत निथळत ठेवला, गॅस बंद केला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली.

परातीत अर्धी उकड तशीच, ओल्या फडक्याखाली.

आईला मी अर्ध्यात स्वयंपाक सोडताना कधी पाहिलेलं नाही. बाबा गेले त्या दिवशीसुद्धा तिनं आधी कुकरखालचा स्टोव्ह बंद केला, वरणाचा डबा उतरवून झाकून ठेवला आणि मग ती दवाखान्यात गेली, असं शेजारच्या काकू अजून सांगतात. सांगताना त्यांच्या आवाजात कौतुक असतं की आणखी काही, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही.

आम्ही कराडचे. बाबा शाळेत गणित शिकवायचे. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे, सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात नाही. जानेवारी 1988मध्ये वर्गाच्या पोरांबरोबर सदाशिवगडाच्या पायऱ्या चढताना ते मध्येच खाली बसले. छातीत दुखतंय म्हणाले, मग नाही म्हणाले, मग परत दुखतंय म्हणाले. डॉक्टरांनी शर्टाच्या खिशात ठेवायला सॉर्बिट्रेटच्या गोळ्या दिल्या आणि तेल-तूप बंद करायला सांगितलं. त्या काळी आमच्याकडे याहून फार काही हातात नव्हतंच. आईनं तो शब्द असा पाळला की देवाचं व्रतही कुणी इतकं पाळत नसेल. आमच्याकडे दर आठवड्याला सायीचं लोणी निघायचं आणि ते कढवलं की बाबांना पातेल्याच्या तळाची बेरी साखर घालून लागायची. चमच्यानं खरवडून खरवडून खायचे, पातेलं वाजायचं. बंदी आल्यावर आई लोणी कढवायची ते ते शाळेत गेल्यावर, दुपारी, दारं-खिडक्या उघड्या टाकून. घरी येईपर्यंत वास राहू नये म्हणून. मी नऊ वर्षांची होते. त्या दुपारी ती बेरी माझ्या वाट्याला यायची आणि मला फार आनंद व्हायचा, हे इथं लिहून टाकते.

होळीला पुरणपोळी. ती 1989ची होळी. बाबा ताटावर बसले, पोळीकडे पाहिलं आणि म्हणाले, "आज तरी." तुपाची वाटी आईच्या हातात होती, माझ्या आणि भावाच्या पोळीवर धार सोडून झाली होती. तिनं वाटी पाठीमागे ठेवली आणि त्यांच्या पोळीवर दूध घातलं. ते हसले. दुधाबरोबरही चांगली लागते, म्हणाले. मे महिन्यात ते गेले. बेचाळीस वर्षांचे होते.

तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं आणि भरलेल्या घराला बोलायला विषय लागतो. इतका धडधाकट माणूस, ना व्यसन ना काही, मग असं कसं? काहीतरी कारण सापडल्याशिवाय माणसं आपापल्या गावी परत जात नाहीत. आईचा हात सढळ. लग्न होऊन आली तेव्हा त्याच हाताचं कौतुक झालेलं. फोडणीला पळीभर तेल, भाकरीवर लोण्याचा गोळा. तोच हात आता सगळ्यांना आठवला. आज्जी तोंडावर काही बोलली नाही. एकदाच म्हणाली, "माझ्या हातचं खात होता तोवर कधी आजारी पडला नाही." पस्तीस वर्षांच्या बाईला हे वाक्य जन्मभर पुरतं. त्यानंतर आमच्या घरात पळी गेली आणि चमचा आला. वांग्याच्या भरताला एक चमचा, आमटीला अर्धा. हॉस्टेलवर मैत्रिणी म्हणायच्या, तुझ्या घरून आलेल्या चपातीला तेल का नसतं? मी म्हणायचे, आमच्याकडे अशीच करतात. पुढे काकांची एक्कावन्नाव्या वर्षी बायपास झाली, तेव्हा लोक म्हणाले, घराण्यातच आहे. पण आईवरचा आरोप काही मागे घेतला गेला नाही. तसे आरोप मागे घ्यायची पद्धत नसते, नवीन काही मिळालं की जुने फक्त बोलायचे राहतात.

माझ्या वाट्याला हे प्रकरण आलं ते ऑफिसच्या वार्षिक तपासणीतून. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. फॉर्म भरताना म्हणाल्या, वडील कशानं गेले? हार्टनं. किती वर्षांचे होते? बेचाळीस. त्यांचं पेन थांबलं. मग त्यांनी कागदाच्या तळाशी आणखी एक टेस्ट लिहिली आणि म्हणाल्या, "ही एकदाच करायची. आयुष्यात एकदा." मला ते विचित्र वाटलं. साखर दर तीन महिन्यांनी, थायरॉइड दर सहा महिन्यांनी, आणि हे एकदाच? त्या म्हणाल्या, हा आकडा बहुतेक जन्माबरोबरच ठरतो. लहानपणीच जागेवर येतो आणि मग फारसा हलत नाही. चाला, पळा, उपास करा, तो तिथेच. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं 2024 मध्ये सांगितलंय की प्रत्येकानं एकदा तरी करून घ्यावी. आपल्याकडे चारांतल्या एकाचा तरी वाढलेला निघतो. चारांतली एक मी निघाले.

नावातला तो 'ए' कंसात लिहितात आणि लहान लिपीत, म्हणून डॉक्टर मंडळी त्याला 'लिटल ए' म्हणतात. नाव ऐकून वाटावं कुणाचं तरी शेंडेफळ. 1963 साली ऑस्लोमध्ये कोरे बर्ग नावाच्या संशोधकाला ते सापडलं, तेही सशांच्या मदतीनं. माणसाच्या रक्तातली चरबी वाहणारी प्रथिनं सशांना टोचली की त्यांच्याविरुद्ध सशाचं रक्त प्रतिपिंडं तयार करतं. ती प्रतिपिंडं काही माणसांच्या रक्ताशी भिडत होती आणि काहींच्या रक्ताशी अजिबात नाही. शिवाय भिडणं-न भिडणं घराण्याघराण्यातून खाली येत होतं. आपल्याकडे लोक म्हणतात ना, याचं रक्तच तसलं आहे. बर्गनं ते सशाकडून वदवून घेतलं.

रात्री झोप येईना म्हणून मी वाचत बसायचे. वाचता वाचता एका शब्दावर अडकले: क्रिंगल. नॉर्वे-डेन्मार्ककडे वेटोळ्याच्या आकाराची गोड भाजलेली पाव-बिस्किटं करतात, त्यांना हे नाव. या प्रथिनाची साखळीही तशाच वेटोळ्यांची, प्रत्येक वेटोळं तीन ठिकाणी टाके घालून पक्कं केलेलं. चित्र पाहिलं आणि मी अंथरुणात उठून बसले. ही तर कडबोळी. आईची कडबोळी, भाजणीची, तीळ लावलेली, टोकं चिमटीनं दाबून जोडलेली. चरबी वाहणारा एलडीएलचा गोळा आपल्या सगळ्यांच्याच रक्तात फिरतो. त्याच्या अंगाला एका टाक्यानं ही कडबोळ्यांची माळ जोडली की झालं लायपोप्रोटीन ए. कुणाच्या माळेत कडबोळी कमी, कुणाच्या भरपूर. एका जातीचं कडबोळं तर कुणाकडे दोन-चार वेळा आणि कुणाकडे चाळीस वेळा येतं. गंमत अशी की माळ आखूड असेल त्याच्या रक्तात हे जास्त. कारण आखूड माळ लिव्हरला पटापट करून बाहेर धाडता येते. कुणाही बाईला विचारा, लहान कडबोळ्यांचा घाणा भराभर निघतो.

ही वेटोळी मुळात त्याची स्वतःचीही नाहीत. आपल्या रक्तात प्लास्मिनोजेन नावाचं एक प्रथिन असतं, रक्ताची गुठळी विरघळवणं हे त्याचं काम. कधीकाळी, माणूस माणूस होण्याच्या कितीतरी आधी, त्याच्या जनुकाची एक नक्कल शेजारीच पडली, सहाव्या गुणसूत्रावर. नकलेत पुढे खाडाखोड झाली. चेहरा तोच राहिला, गुठळी कापणारी धार मात्र गेली. पानिपतानंतर पुण्यात भाऊसाहेबांचा तोतया आला होता, तसाच हा. आणि त्याची गरज कुणाला? ज्यांच्या रक्तात हे जवळजवळ नाहीच अशी माणसंही व्यवस्थित जगतात. असलं की मात्र रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसतं, सोबत आणलेली चरबी तिथं उतरवतं, हृदयातली महाधमनीची झडप कॅल्शियमनं कडक व्हायला हातभार लावतं. माझ्या बाबांच्या बाबतीत नेमकं काय झालं, त्यांच्या रक्तात हे कुणी कधी मोजलंच नाही. पण आईचे 6.4 आणि माझे 112 यांच्यामध्ये दुसरं कुणी बसत नाही.

आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रिपोर्ट टाकला तेव्हा आठवडाभर दुसरं काही चाललं नाही. न्यूजर्सीची चुलतबहीण, बायपासवाल्या काकांची मुलगी, तिनंही करून घेतली आणि 262 आली. ग्रुपवर हलकल्लोळ. हिचा तर दुप्पट! मग कुणीतरी पाहिलं की तिचा आकडा नॅनोमोलमध्ये आहे आणि माझा मिलिग्रॅममध्ये. भागा अडीचनं, गुणा अडीचनं, सगळे गणितवाले जागे झाले. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, अंदाजे चालेल, नेमकं करता येणार नाही. का? कारण एक वजन आहे आणि दुसरा नग. मला लगेच कळलं. किलोभर कडबोळ्यांत किती बसतात ते ज्याच्या त्याच्या घरच्या आकारावर. म्हणून शहाणी प्रयोगशाळा वजन न करता नग मोजते. बहिणीला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, ताई, तू मला भूक लावलीस.

आणि भाऊ. तो आता बेचाळीस वर्षांचा आहे. हे वाक्य मी यंदा कितीदा मनात म्हटलं त्याला हिशेब नाही. सिगारेट, सुटलेलं पोट, रात्री अकराला मिसळ. त्याचा आला 9. आईवडिलांकडून या जनुकाची एकेक प्रत मिळते. बाबांच्या दोन प्रतींतली एक मला आली, दुसरी त्याला. मी सकाळी सहाला टेकडी चढते, तो सहाला झोपतो. तो म्हणाला, "वाटणीत मला चांगला तुकडा आला म्हणायचा." मग आपण काय बोललो ते कळून गप्प झाला. त्याला जपायला पाहिजेच, 9 म्हणजे काही अमृत नाही, पण तेवढ्यापुरता मला त्याचा राग आला. सख्ख्या भावाच्या चांगल्या रिपोर्टचा राग.

औषध? 2025च्या त्या दिवाळीपर्यंत तरी खास यासाठी मंजूर झालेलं एकही नव्हतं. कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी याला हात लावत नाही. नायसिन नावाच्या जुन्या औषधानं आकडा थोडा खाली यायचा, पण मोठ्या चाचण्यांत माणसांचे हार्ट ॲटॅक काही कमी झाले नाहीत. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आकडा खाली आणणं सोपं असू शकतं. माणूस वाचणं ही वेगळी गोष्ट. आता जी औषधं येऊ घातलीत ती मुळावरच घाव घालतात. लिव्हरच्या पेशीत हे प्रथिन करण्याची जी चिठ्ठी जाते, तीच गाठून निकामी करतात. ओल्पासिरान नावाचं एक इंजेक्शन आकडा पंचाण्णव टक्क्यांहून खाली आणतं. पेलाकार्सेन नावाचं दुसरं, महिन्यातून एकदा टोचायचं, त्याची चाचणी 2019 मध्ये सुरू झाली. 8,323 माणसं, सगळी आधीच हृदयाच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या विकाराची, सगळ्यांचा आकडा 70 किंवा त्याहून वर. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी, आणि आपल्याला काय मिळतंय हे कुणालाच माहीत नाही. मला या अनोळखी 8,323 माणसांबद्दल विलक्षण जवळीक वाटते. सगळी दर महिन्याला सुई टोचून घेतायत आणि वाट बघतायत. 2025मध्ये निकाल 2026 वर ढकलला गेला. निकालाची वाट मी माझ्यासाठी कमी बघते, मुलासाठी जास्त. तो सोळा वर्षांचा आहे. माझ्याकडची मोठी प्रत त्याला आली असेल किंवा नसेल, नाणेफेकच. मी त्याला विचारलं, तुझी टेस्ट करायची का? "करून टाक ना, सुईच तर आहे," म्हणाला आणि मोबाईलमध्ये परत गेला. मी अजून केलेली नाही. बोर्डाची परीक्षा होऊ दे, असं सांगतेय. बोर्डाचा आणि रक्ताचा काही संबंध नाही हे मलाही कळतं.

तर, त्या रात्रीचं. आई गॅलरीतून आत आली, जेवली, झोपली. मला झोप लागेना. मी आईला चुकीचं सांगितलं होतं. तुपानं हा आकडा वाढत नाही हे खरं, पण हा आकडा जन्मतःच वाढलेला असेल त्यानं बाकीचं सगळं जास्तच कडक सांभाळायचं असतं: एलडीएल, बीपी, साखर. मला स्वतःला म्हणून तर रात्रीची रोसुव्हास्टॅटिन, ती कोलेस्टेरॉलची नेहमीची गोळी, सुरू झाली. म्हणजे 1988च्या त्या डॉक्टरांचं चुकलं नव्हतं आणि आईचंही चुकलं नव्हतं. तिचं कठोर वागणं व्यर्थ गेलं असं ऐकवून मी तिला फुकट जखम केली होती. सकाळी चहा घेताना मी हे सगळं तिला पुन्हा नीट सांगायला घेतलं. हातवारे करून. ती बशीतला चहा फुंकत होती.

"आता फिरवू नकोस," ती म्हणाली.

"फिरवत नाहीये. तू जे केलंस ते बरोबरच होतं. रोज तूप चाललं नसतं त्यांना."

"मी रोजचं कुठं विचारलं?" बशी खाली ठेवून ती म्हणाली. "मी त्या होळीचं विचारलं."

मी काहीच बोलले नाही. एका होळीचं, एका पोळीवरचं, एक चमचा तूप. त्याचं उत्तर मी आदल्या दिवशी दिलं होतं, आणि ते बरोबर होतं. निर्दोष सुटण्याची बातमी घेऊन मी नाचत आले होते. तिला त्या खटल्याची कधी फारशी पडलेलीच नव्हती. आज्जीचं वाक्य तिनं केव्हाच पचवलं असणार. छत्तीस वर्षं तिनं स्वतःवर दुसराच खटला चालवला होता आणि त्यात तिची एकमेव बाजू ही होती की तूप दिलं असतं तर काहीतरी झालं असतं. तीच मी काढून घेतली. तिला आता काय म्हणायचं याचा विचार करत मी बसले होते, तेवढ्यात ती उठली, कप विसळले आणि परातीवरचं फडकं बाजूला केलं. उकड रात्रभरात वाळून तिला वरून भेगा गेल्या होत्या. मी म्हटलं, टाकून दे, नवीन काढू. "भाजणी काय फुकट येते?" म्हणाली. गरम पाण्याचा हात लावून लावून तिनं ती मळली, तेल सोडलं, पुन्हा मळली. मी शेजारी बसून वळायला लागले. वळी वळताना तुटत होती, टोकं जुळत नव्हती. आई तुटलेल्या टोकाला थुंकीएवढं पाणी लावून चिकटवायची आणि कढईत सोडायची. काही तेलात सुटली, काही राहिली.

भाऊबीजेला भाऊ आला. ओवाळणं झालं, फराळाचं ताट पुढे आलं. त्यानं एक कडबोळं दाताखाली धरून पाहिलं, मग ते चहात बुडवलं.

"यंदा ही एवढी कडक कशी झाली?"

"ती शेवटच्या घाण्यातली," आई म्हणाली. "तिला दे ती. तू चांगली घे."

त्यानं ताट माझ्याकडे सरकवलं नाही. तीच चहात बुडवून खात राहिला, चार की पाच.